पहिला लॅपटॉप घेताय? तास नका विचारू, वॅट-अवर विचारा

बारावीचा निकाल लागला की जून-जुलैत कितीतरी घरांत एकच चर्चा असते, लॅपटॉप कुठला घ्यायचा. मग पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, नाहीतर आपल्या तालुक्याच्या गावातलं मोबाइलचं दुकान, आणि तिथे रॅम किती, एसएसडी किती, आय-फाइव्ह घ्यायचा का आय-सेव्हन यावर अर्धा तास बोलणं होतं. बॅटरीवर मात्र एकच प्रश्न, "दादा, बॅटरी किती चालते?" आणि दादा सांगतो, "आठ-दहा तास आरामात." झालं. कॉलेज सुरू झाल्यावर कळतं की सकाळी शंभर टक्के भरून नेलेला लॅपटॉप जेवणाच्या सुट्टीपर्यंत वीस टक्क्यांवर आलेला असतो, आणि साठ जणांच्या वर्गात प्लग असतात दोन.

दुकानदार मुद्दाम फसवतो असं मी म्हणत नाहीये. तो बॉक्सवर किंवा कंपनीच्या कागदावर जे छापलंय तेच सांगतो. अडचण अशी आहे की "किती तास" हा आकडा एकट्या लॅपटॉपचा नसतोच, तो एक भागाकार आहे. वरती बॅटरीत वीज किती मावते, खाली तुमचं काम ती वीज किती वेगाने खातं. दुकानात आपल्याला फक्त उत्तर सांगतात, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या कामाचं. म्हणून हा भागाकार एकदा नीट समजून घेऊ, मग कुठल्याही कंपनीचं कुठलंही मॉडेल समोर आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी वरचा आकडा. लॅपटॉपच्या बॅटरीत किती वीज मावते ते वॅट-अवर या मापात सांगतात. हे माप आपल्या घरात दर महिन्याला येतं, महावितरणच्या बिलावर जे एक युनिट असतं ते म्हणजे १००० वॅट-अवर. साधारण लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-अवरच्या आसपास असते, म्हणजे चार्जरमध्ये उष्णता होऊन जी थोडी वीज वाया जाते ती सोडली तर एका युनिटमध्ये ती वीस वेळा भरेल. बॅटरीतल्या या ५० वॅट-अवरवर छताचा ७५ वॅटचा जुना पंखा फक्त ४० मिनिटं फिरतो. एवढ्याशा विजेवर आपल्याला स्क्रीन, वायफाय, प्रोसेसर सगळं दिवसभर चालवायचंय, त्यामुळे एकेक वॅट महत्त्वाचा आहे.

आता खालचा आकडा, म्हणजे खर्च. लॅपटॉप सरासरी ५ वॅट खात असेल तर ५० भागिले ५, दहा तास. १० वॅट खात असेल तर पाच तास. २० वॅट खात असेल तर अडीच तास. बॅटरी तीच बरं का. आणि हा ५ ते २० चा फरक काही खास प्रयोगशाळेतला नाही, रोजच्या वापरात एकाच वर्गातल्या दोन लॅपटॉपमध्ये इतका फरक दिसतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मोठी बॅटरी शोधण्याआधी कमी खाणारं मशीन शोधा. मोठी बॅटरी घेतली तर वजनही वाढतं आणि पैसेही, कमी खाणारं मशीन घेतलं तर गरमही कमी होतं आणि पंख्याचा आवाजही कमी.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ॲपलचा मॅकबुक एअर, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम-वन चिप घालून आला तो. त्याची बॅटरी ४९.९ वॅट-अवरची, म्हणजे काही फार मोठी नाही, चाळीस-पन्नास हजारांच्या विंडोज लॅपटॉपमध्येही एवढी मिळते. कंपनीचा दावा होता वायफायवर वेब १५ तास आणि व्हिडिओ १८ तास. उलटा भागाकार करा, म्हणजे वेबला साधारण ३.३ वॅट आणि व्हिडिओला २.८ वॅट, स्क्रीनसकट. सगळी कमाल खर्च कमी ठेवण्यात आहे. त्यानंतर इंटेल, एएमडी, क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपन्याही हा खर्च कमी करण्याच्या मागे लागल्या आणि त्याचा फायदा आज आपल्याला मिळतोय.

आता दोन गोष्टी ज्यांत भलेभले फसतात. पहिली, एमएएच, म्हणजे मिली-अँपिअर-अवर. मोबाइलमुळे आपल्याला "५००० एमएएच" ऐकायची सवय झालीय, आणि मोबाइलमध्ये ते चालतं कारण जवळपास सगळ्या फोनच्या बॅटरीचा व्होल्टेज सारखाच असतो. लॅपटॉपमध्ये तसं नसतं. आत दोन सेल एकामागे एक जोडले तर साधारण ७.७ व्होल्ट, तीन जोडले तर ११.५५, चार जोडले तर १५.४. आता ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-अवर, त्याला व्होल्टने गुणा. दोन सेलवाल्यात ३८.५ वॅट-अवर, तीनवाल्यात जवळपास ५८, चारवाल्यात ७७. तिन्ही बॅटऱ्या ५००० एमएएचच्या, आणि एकीत दुसरीच्या दुप्पट वीज. म्हणून लॅपटॉपची जाहिरात एमएएच सांगत असेल तर व्होल्ट विचारा आणि मोबाइलवर गुणाकार करा, दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, "तीन सेलची बॅटरी आहे" हे वाक्य. सेल किती हे कळलं म्हणून वीज किती ते कळत नाही, कारण सेल लहान-मोठे असतात. तीन सेलची बॅटरी ४० वॅट-अवरचीही असते आणि ६० चीही. त्यात आणखी एक गोम आहे, एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन बॅटऱ्यांमध्ये मिळतो, स्वस्त व्हेरिएंटला लहान बॅटरी आणि महाग व्हेरिएंटला मोठी, आणि यूट्यूबवर ज्याने रिव्ह्यू केलाय त्याच्याकडे बहुतेक मोठ्या बॅटरीवाला असतो. तेव्हा नुसतं नाव बघून ठरवू नका, नावापुढे अक्षर-आकड्यांचा जो लांबलचक मॉडेल नंबर असतो तो पूर्ण टाकून कंपनीच्या साइटवर बॅटरीची ओळ वाचा. लेनोवोची तर पीएसआरईएफ नावाची वेगळी साइटच आहे, तिथे प्रत्येक मॉडेलचं सगळं तपशीलवार मिळतं. बाकी कंपन्यांच्याही सपोर्ट पेजवर स्पेसिफिकेशन असतात.

मग कंपनी जे तास सांगते ते कुठून येतात? बहुतेक वेळा लॅपटॉपमध्येच साठवलेला व्हिडिओ मध्यम ब्राइटनेसवर लावून, मागे दुसरं काहीही चालू न ठेवता. व्हिडिओ बघणं हे आपल्याला जड काम वाटतं, पण लॅपटॉपसाठी ते हलकं असतं कारण चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला वेगळा छोटा भाग असतो, तो गुपचूप काम करतो आणि मुख्य प्रोसेसर जवळपास झोपलेला असतो. तुमचा दिवस असा नसतो. क्रोममध्ये वीस टॅब, त्यातल्या निम्म्यांवर जाहिराती हलतायत, व्हॉट्सॲप वेब उघडं, मागे अँटिव्हायरस आणि अपडेट, आणि मध्येच गूगल मीटवर लेक्चर. या सगळ्यात व्हिडिओ कॉल सर्वात खादाड, कारण तेव्हा कॅमेरा, माइक, वायफाय आणि प्रोसेसर सगळेच एकदम जागे असतात, तुमचा व्हिडिओ पाठवायचाही असतो आणि बाकीच्यांचा दाखवायचाही. ज्याची ऑनलाइन लेक्चर रोज आहेत त्याने जाहिरातीतले तास सरळ अर्धे धरावेत. नुसतं वर्ड, पीडीएफ, थोडं ब्राउझिंग असेल तर दोन तृतीयांश धरायला हरकत नाही. हा माझा अंदाज आहे, पण घेण्याआधी असा हात राखून हिशेब केलेला बरा.

यापेक्षा चांगलं हवं असेल तर नोटबुकचेकसारख्या साइट बघा, ते लोक स्क्रीन एका ठरलेल्या ब्राइटनेसला आणून वायफायवर वेब चालवून मोजतात, सगळ्या लॅपटॉपना तीच परीक्षा, त्यामुळे दोन मॉडेलची तुलना खरी होते. तिथे किती वॅट खातो तेही दिलेलं असतं, फक्त आपल्या व्हेरिएंटची बॅटरी तीच आहे का ते बघायचं.

आता खर्च नेमका होतो कुठे ते बघू, कारण खरी निवड इथेच आहे. दोन मोठे गिऱ्हाईक, स्क्रीन आणि प्रोसेसर.

स्क्रीनचं आधी सांगून टाकते. हलकं काम करताना कित्येकदा स्क्रीनच सगळ्यात जास्त वीज खाते. पडदा मोठा तर खर्च जास्त, पिक्सेल जास्त तर खर्च जास्त, चित्र सेकंदाला १२० वेळा बदलणारा (१२० हर्ट्झ) ठेवला तर ६० पेक्षा जास्त. त्यामुळे रोज बॅगेत न्यायचा असेल तर १४ इंची फुल एचडी किंवा त्याच्या जरा वरचा पडदा पुरे, फोर-केचा मोह टाळा. ओएलईडी पडदे दिसायला सुंदर असतात, पण त्यांचं गणित वेगळं आहे, तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर वीज वाचते आणि पांढऱ्या पानावर जास्त जाते, आणि विद्यार्थ्याचं वर्ड, एक्सेल, पीडीएफ सगळं पांढरंच असतं. ओएलईडी घेतला तर डार्क मोड लावा, खरंच फरक पडतो. साध्या एलसीडी पडद्यावर मात्र डार्क मोडने बॅटरी फारशी वाचत नाही, कारण मागचा दिवा तसाच जळत असतो.

आणि ब्राइटनेसची एक बाजू कुणी सांगत नाही. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात, आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये २५० निट्सचा पडदा असतो, तो मुळातच मंद. खिडकीपाशी किंवा कॉलेजच्या व्हरांड्यात बसलात की तो शंभर टक्क्यांवर ठेवल्याशिवाय दिसतच नाही, म्हणजे दिवसभर पूर्ण दिवा जाळायचा आणि वर डोळे ताणायचे. ३०० निट्स किंवा जास्त असेल तर सतत शंभरवर ठेवावा लागत नाही. त्यामुळे निट्सचा आकडाही विचारा, तो बऱ्याचदा अगदी शेवटी बारीक अक्षरात असतो.

प्रोसेसरमध्ये आय-फाइव्ह का आय-सेव्हन यापेक्षा नावाच्या शेवटचं अक्षर जास्त महत्त्वाचं. इंटेलमध्ये शेवटी यू असेल, समजा आय-फाइव्ह १३३४यू, तर तो कमी वीज खाणारा, त्याचं ठरलेलं माप १५ वॅटचं. शेवटी एच असेल, समजा १३४२०एच, तर ते माप ४५ वॅट. एचएक्स असेल तर ५५. आता हे वॅट म्हणजे तो सतत तेवढे खातो असं नाही, हे जोरात काम करतानाचं माप आहे, नुसतं वाचत बसलात तर एचवालाही शांत असतो. पण एक पान उघडलं, एक फाइल सेव्ह केली की तो जोरात उसळी मारतो, आणि कंपन्याही एचवाल्या मशीनला जोर करायलाच सेट करतात. दिवसभरात अशा शेकडो उसळ्या होतात आणि संध्याकाळी बॅटरीवर त्या दिसतात. दुकानदार म्हणेल एच घ्या, ताकद जास्त आहे, आणि ताकद जास्त असते हे खरंच आहे. फक्त ती ताकद तुम्हाला लागणार आहे का हे त्याला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं.

इंटेलमध्ये शेवटी व्ही असलेली एक मालिका आहे, कोअर अल्ट्रा २००व्ही, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आली, २२६व्ही, २५८व्ही अशी नावं. बॅटरीच्या बाबतीत इंटेलच्या सगळ्यात चांगल्या चिपपैकी ही एक म्हणायला हरकत नाही, पण यात रॅम चिपसोबतच बसवलेली असते, १६ किंवा ३२ जीबी, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे घेतानाच ठरवायचं. किंमतही वरची असते, पण जुनं मॉडेल म्हणून ऑफरमध्ये दिसला तर नक्की विचार करा.

एएमडीमध्येही यू, एचएस, एच, एचएक्स अशी अक्षरं आहेत आणि अर्थ साधारण तसाच. पण रायझन ७००० च्या मालिकेत आणखी एक खूण आहे, चार आकड्यांमधला तिसरा आकडा. तो चिपची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन-२ ही जुनी रचना. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन-३. ७६४०यू मध्ये ४, म्हणजे झेन-४. पहिला सात बघून सगळे सारखेच नवीन वाटतात आणि दुकानात ७५२० आणि ७५३० शेजारीशेजारी ठेवलेले असतात, किंमतीत थोडाच फरक, पण काम करताना ७५३० बराच वेगवान. थोडे पैसे वाढवून तो घ्या, पहिलावाला तीन-चार वर्षं पुरणं अवघड आहे.

तिसरा पर्याय क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन एक्स चिप, २०२४ च्या जूनपासून विंडोज लॅपटॉपमध्ये यायला लागली. मोबाइलच्या घराण्यातली चिप, बॅटरी खरंच छान, झाकण बंद करून ठेवला तरी फार उतरत नाही, आणि चार्जर काढल्यावरही वेग तसाच राहतो. पण इथे एक मोठा पण आहे. या चिपची भाषा वेगळी आहे, जुनी विंडोज सॉफ्टवेअर तिथे भाषांतर होऊन चालतात, बहुतेक चालतात, पण ज्यांना स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो ती चालतीलच असं नाही. ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही, तो त्या चिपसाठीच बनवलेला लागतो. म्हणजे घरातला जुना प्रिंटर, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, ऑनलाइन परीक्षेत बाकी सगळं बंद करून ठेवणारं सॉफ्टवेअर, काही इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर, हे सगळं आधी तपासून घ्या. सीए करणाऱ्या किंवा टॅक्सच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांनी तर टोकनचं आधी विचारा आणि मग पैसे द्या.

मॅकबद्दलही तेच. बॅटरीत आजही मॅकबुक एअरला तोड कमी, आणि जुनी पिढी डिस्काउंट सेलमध्ये चांगल्या किमतीला मिळते. पण कॉमर्सच्या मुलाला टॅली लागते आणि टॅली विंडोजची आहे. एक्सेल मॅकवर चालतं, पण पॉवर पिव्होटसारख्या काही गोष्टी तिथे नाहीत. आर्ट्स, पत्रकारिता, लिखाण, प्रोग्रॅमिंग, डिझाइन असेल तर मॅक उत्तम. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल तर आधी सीनियरना विचारा की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कुठली सॉफ्टवेअर लागतात.

आता गेमिंग लॅपटॉप, कारण इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की निम्मी मुलं तोच मागतात आणि आईबाबांना सांगतात अभ्यासासाठीच लागतो. थ्रीडी मॉडेलिंग, व्हिडिओ एडिटिंग, ॲनिमेशन, आर्किटेक्चर, यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड खरंच लागतं, त्यांनी जरूर घ्यावं. पण कॉम्प्युटर सायन्स, आयटी, बीसीए, बीकॉम यांतल्या बहुतेक मुलांना ते लागत नाही. मशीन लर्निंग शिकायचं म्हणून घेतो म्हणणाऱ्यांसाठी सुरुवातीला गूगल कोलॅब, म्हणजे गूगलच्या कॉम्प्युटरवर नेटवरून प्रोग्रॅम चालवायची सोय, फुकट आहे. गेमिंग मशीनचं वजन चार्जरसकट तीन किलोच्या आसपास जातं, बॅटरीवर साधं काम चार-पाच तास चाललं तरी नशीब, आणि बॅटरीवर गेम खेळायला गेलात तर तासाभरात खेळ खलास, शिवाय तेव्हा ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात चालतही नाही. रोज एसटीने किंवा लोकलने अपडाउन करणाऱ्या मुलीच्या पाठीवर हे ओझं द्यायचं का, याचा घरात नीट विचार व्हायला हवा.

ज्यांच्याकडे लाइट जाते, आणि आपल्याकडे गावात ती आजही जाते, त्यांच्यासाठी चार्जिंगचं तोंड फार महत्त्वाचं. यूएसबी-सीने चार्ज होणारा लॅपटॉपच घ्या. पण यूएसबी-सीचं पोर्ट दिसतंय म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही, काही ठिकाणी ते फक्त डेटासाठी असतं, तेव्हा स्पेसिफिकेशनमध्ये "पॉवर डिलिव्हरी" हे शब्द शोधा. ते असलं की एकच ६५ वॅटचा चार्जर फोनला आणि लॅपटॉपला दोन्हीला चालतो, मित्राचा चार्जर चालतो, आणि मुख्य म्हणजे पॉवर बँक चालते. ६५ वॅट देणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली तर तिच्यात ७४ वॅट-अवर असतात, मधली गळती धरून लॅपटॉपपर्यंत ५५-६० पोचतात, म्हणजे ५० वॅट-अवरची बॅटरी पुन्हा एकदा पूर्ण भरली. साधी १८ किंवा २२ वॅटची पॉवर बँक मात्र इथे बहुतेक वेळा उपयोगाची नाही. विमानाने जाणार असाल तर १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी कुणाला न विचारता हँडबॅगेत नेता येते, त्यापुढे एअरलाइनची परवानगी लागते, म्हणून तर मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९ च्या आसपास थांबते. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायची नाही, जवळच ठेवायची.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. बॅटरी पहिल्या दिवशी किती चालते यावर लॅपटॉप घेऊ नका, तिसऱ्या वर्षी किती चालेल यावर घ्या. लिथियम बॅटरी वापरली तरी म्हातारी होते आणि नाही वापरली तरी होते. साधारण पाचशे वेळा पूर्ण रिकामी-भरली झाली की तिच्यात मूळच्या ऐंशी टक्के वीज मावते असं धरून चालतात, ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी हजार वेळा सांगते. ५० वॅट-अवरची बॅटरी तेव्हा ४० ची झालेली असते. आता तुमचा खर्च ८ वॅट धरा, म्हणजे सहा-सव्वासहा तासांचे पाच तास राहिले, कॉलेजचा दिवस अजून निघतो. हाच हिशेब ४२ वॅट-अवरच्या बॅटरीला लावा, ती साडेतेहतीसची होते, चार तासांच्या जरा वर. आणि प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट, प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन सगळं नेमकं शेवटच्या वर्षातच असतं, जेव्हा बॅटरी सगळ्यात दमलेली असते. त्यामुळे विंडोज लॅपटॉप घेताना ५० च्या खालची बॅटरी शक्यतो घेऊ नका, ६० मिळाली तर फारच छान. रॅम १६ जीबी घ्या, तिने बॅटरी वाढत नाही, पण चार वर्षं मशीन रडत नाही.

बॅटरीची वॉरंटीही बघा. लॅपटॉपला दोन-तीन वर्षांची वॉरंटी घेतली तरी बॅटरीला बहुतेक कंपन्या एकच वर्ष देतात. विचारून घ्या, आणि नवीन ओरिजिनल बॅटरी तुमच्या शहरात मिळते का, कितीला मिळते हेही विचारा. जी कंपनी चार वर्षांनी बॅटरी देऊ शकते तिच्या लॅपटॉपला थोडे जास्त पैसे द्यायला माझी ना नाही.

सेकंड हँड किंवा रिफर्बिश्ड घ्यायचा असेल तर त्यात वाईट काही नाही, ऑफिसातून निघालेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक दणकट असतात. थिंकपॅड टी४८० मध्ये तर दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे बाहेरून काढता येणारी, आणि मशीन चालू असताना मागची बदलता येते. अशी सोय आता नवीन लॅपटॉपमध्ये जवळजवळ दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पण दोन गोष्टी तपासा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून इंटेल आठव्या पिढीच्या खालचं मशीन घेऊ नका, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. आणि बॅटरीचा रिपोर्ट काढा.

रिपोर्ट काढणं सोपं आहे. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा, तिथे इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं लिहून एंटर मारा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची. आकडे मिली-वॅट-अवरमध्ये असतात, म्हणजे ५०,००० दिसलं तर ५० वॅट-अवर. खालचा आकडा वरच्याच्या पंचाहत्तर टक्क्यांखाली असेल तर नवीन बॅटरीची किंमत सौद्यातून कमी करून मागा. आणि रिपोर्ट कितीही चांगला दिसला तरी दुकानातच चार्जर काढून वीस मिनिटं व्हिडिओ लावा, धड बॅटरी पाचेक टक्के उतरेल, पंधरा उतरली तर दुसरा पीस बघा. दुकानदार काका घाई करतील, करू द्या.

नवीन लॅपटॉप घरी आला की पहिल्याच दिवशी हाच रिपोर्ट काढून ठेवा, परत करायची मुदत चालू असतानाच, म्हणजे बॉक्सवरचे वॅट-अवर खरंच आत आहेत का ते कळेल. मग झाकण बंद केल्यावर काय होतं ते बघा. हल्लीचे बरेच विंडोज लॅपटॉप झोपेतही नेटला जोडलेले राहतात, बॅगेत गरम होतात आणि सकाळी बघावं तर बॅटरी निम्मी. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शनमध्ये झाकण बंद केल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट निवडा, चालू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात पण बॅटरी जागेवर राहते.

उष्णता बॅटरीला सगळ्यात लवकर मारते, त्यातही पूर्ण भरलेली आणि गरम असली की फार लवकर. गादीवर ठेवून वापरू नका, खालची हवेची भोकं बुजतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात बंद गाडीत लॅपटॉप ठेवून जाऊ नका. आणि हॉस्टेलवर दिवसभर प्लगला लावूनच काम करायचं असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करा, लेनोवोमध्ये तिला कॉन्झर्वेशन मोड म्हणतात, असुसमध्ये बॅटरी केअर, एचपी आणि डेलमध्येही वेगळ्या नावाने आहे. परीक्षा किंवा प्रवास असेल त्याच्या आदल्या रात्री ती मर्यादा काढून शंभरपर्यंत भरा आणि परत आल्यावर पुन्हा ८० वर आणा.